बाल्साच्या विमानाचे धड सरळ जोडताना: माझा अनुभव

रबराच्या पिळावर उडणाऱ्या लाकडी विमानाचा संच घरी आणणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी हेच सांगेन की, गोंदाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी धडाच्या चार लांब काड्यांचे वजन करावे आणि त्या वाकवून पाहाव्यात. माझ्या संचातील माहितीपत्रकात याविषयी एक अक्षरही नव्हते. ‘दोन्ही बाजू तयार झाल्यावर शेपटीकडची टोके एकत्र आणून चिकटवा’ अशी एका वाक्यात ज्या कामाची बोळवण केली होती, त्या कामात माझा बहुतेक पावसाळा गेला, आणि त्याबद्दलची चीड अजून पुरती ओसरलेली नाही.

संच तसा साधा होता. पंखांचा विस्तार सुमारे ९० सेंटीमीटर, पुढे प्लास्टिकचा प्रोपेलर, धडाच्या पोटात रबराचा पीळ. धडासाठी बाल्सा या हलक्या लाकडाच्या ३ मिलिमीटर चौरस काड्यांची जुडी, लेझरने कापलेले आडव्या छेदांचे तुकडे आणि पूर्ण आकाराचा आराखडा दिलेला होता. दोन्ही बाजू उभ्या करताना कसलीही अडचण आली नाही. सॉफ्टबोर्डावर आराखडा, त्यावर स्वयंपाकघरातले पातळ पारदर्शक प्लास्टिक, आणि काडीच्या दोन्ही अंगांना तिरप्या रोवलेल्या टाचण्या. टाचणी काडीतून आरपार कधीही घालू नये, कारण तिथेच काडी पुढे चिरते. पहिल्या बाजूवर प्लास्टिक टाकून तिच्यावरच दुसरी बाजू बांधली, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या होतात.

मधला भाग गुण्या लावून काटकोनात जोडला आणि तो पक्का वाळल्यावर शेपटीकडची टोके जवळ आणली. न चिकटवता, नुसते रबरबँड घालून पाहिले, तर शेपटी मध्यरेषेपासून डावीकडे स्पष्ट सरकलेली होती. नाकाच्या मध्यबिंदूपासून शेपटीपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला, तेव्हा दोरा आणि शेपटीच्या मध्यामध्ये माझे करंगळीचे बोट मावत होते. वरून पाहिले की धड केळ्यासारखे वाकलेले दिसे. रबरबँड काढले, पुन्हा घातले, आडव्या काड्यांची लांबी पुन्हा मोजली. सगळी मापे आराखड्याबरहुकूम होती आणि तरीही शेपटी दर वेळी त्याच बाजूला जात होती.

हे असे का होते, हे एकदा समजले की अगदी उघड वाटते. शेपटीकडे दोन्ही बाजू सारख्याच बळाने आत ओढल्या जातात, पण ताठ काडी कमी वाकते आणि मऊ काडी जास्त वाकते. त्यामुळे दोघींची भेट मध्यरेषेवर न होता ताठ काडीच्या बाजूला होते. म्हणजेच माझ्या विमानाच्या डाव्या अंगाच्या काड्या उजव्या अंगापेक्षा ताठ होत्या. काड्यांची उरलेली टोके मी क्रमांक घालून ठेवली होती. ती सारख्या लांबीची कापून शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवली, तर डावीकडचे तुकडे उजवीकडच्या तुकड्यांच्या जवळजवळ दीडपट भरले.

बाल्साच्या बाबतीत यात नवल काहीच नाही. मुख्यतः इक्वाडोरमधून येणारे हे लाकूड झपाट्याने वाढते, आणि झाडाझाडांत, इतकेच नव्हे तर एकाच झाडाच्या गाभ्यात आणि बाहेरच्या थरात, त्याची घनता खूप बदलते. घनमीटरला १०० किलोंच्या खालून २०० किलोंच्या वरपर्यंत बाल्सा मिळतो. ९० सेंटीमीटर लांबीच्या ३ मिलिमीटर चौरस काडीचे घनफळ ८ घनसेंटीमीटरांच्या किंचित वर भरते. तेव्हा एक काडी एक ग्रॅमची आणि शेजारची दीड ग्रॅमची असणे सहज शक्य आहे, आणि डोळ्यांना दोघी सारख्याच दिसतात. म्हणूनच जुडी बांधणाऱ्याने त्या तोलून जोड्या लावायला हव्या होत्या, असे माझे ठाम मत आहे.

ज्या विक्रेत्याकडून संच मागवला होता त्याला मी हे सविस्तर कळवले. आधी छायाचित्रे मागितली गेली, मग व्हिडिओ, मग पावती, मग तीच छायाचित्रे पुन्हा. प्रत्येक उत्तरासाठी वाट पाहायची आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगायचे. शेवटी फोनवर जे उत्तर मिळाले ते असे: ‘‘साहेब, काडी तीन एमएमची आहे ना? मग डिफेक्ट कसला?’’ मी शांतपणे सांगितले की माप सारखे असले म्हणजे लाकूड सारखे होत नाही. त्यावर पुढच्या खरेदीवर सवलत देऊ, असे सांगण्यात आले. मला सवलत नको होती, चार सारख्या काड्या हव्या होत्या.

मापाचा मुद्दाही खरे तर त्यांच्या बाजूचा नव्हता. व्हर्नियर कॅलिपरने, बाल्सा दबू नये म्हणून जबडे अगदी हलके टेकवून मोजले, तेव्हा उजवीकडच्या काड्या ३ मिलिमीटर आणि डावीकडच्या ३.१५ मिलिमीटर भरल्या. चौरस काडीची ताठरता जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलते. त्यामुळे जाडीत ५ टक्के वाढ झाली की केवळ तेवढ्यानेच वाकण्याला होणारा विरोध २० टक्क्यांहून अधिक वाढतो. लाकडातला फरक त्यावर वेगळा. हा साधा हिशेब मी लिहूनही पाठवला होता, पण त्याला उत्तर आले नाही.

तो नाद मी सोडला आणि डेक्कन परिसरातल्या एका दुकानात गेलो. वास्तुरचनेचे विद्यार्थी इमारतींच्या प्रतिकृतींसाठी बाल्सा नेतात, त्यामुळे पुण्यात असा माल शोधायचा तर खेळण्यांच्या दुकानांपेक्षा त्यांच्या सामानाच्या दुकानांत आधी विचारावे. दुकानदाराने मला ३ मिलिमीटर जाडीच्या फळ्यांचा गठ्ठा समोर ठेवून हवी ती निवडू दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. फळी उजेडासमोर धरून रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावतात का ते पाहावे. मधेच काठाबाहेर निसटणाऱ्या रेषा असलेल्या फळीची काडी वाकवताना तिथेच मोडते.

त्या एका फळीतून, स्टीलची पट्टी आणि नवे ब्लेड घेऊन, मी शेजारशेजारच्या चार काड्या कापल्या. एका दमात कापायला जाऊ नये. पहिला हात अगदी हलका फिरवावा, नाहीतर ब्लेड लाकडाच्या रेषेमागे वाहवत जाते. प्रत्येक काडीच्या एकाच टोकाला पेन्सिलने खूण केली आणि ती सर्व टोके विमानाच्या नाकाकडे ठेवली, कारण फळीची दोन्ही टोकेही नेहमी एकसारखी नसतात. मग प्रत्येक काडी टेबलाच्या कडेबाहेर ६० सेंटीमीटर काढून, मागचे टोक वजनाखाली दाबून, पुढच्या टोकाला तीच एक कागदाची क्लिप अडकवून किती झुकते ते मोजले. चौघी जवळपास सारख्या झुकल्या. जुन्या जुडीतल्या शिल्लक काड्यांची हीच परीक्षा घेतली, तेव्हा एक ३ सेंटीमीटर झुकली तर दुसरी ५. या परीक्षेला काटाही लागत नाही.

दोन्ही बाजू नव्याने बांधल्या आणि शेपटीची टोके जवळ आणली, तेव्हा दोरा थेट मध्यावरून गेला. त्या क्षणी झालेला आनंद मी शब्दांत नीट मांडू शकत नाही. ‘डी हॅविलँड मॉस्किटो’ या विमानाची मला त्या दिवशी फार आठवण झाली. २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडालेल्या त्या खऱ्या लढाऊ विमानाचे धडही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून, डावे आणि उजवे असे दोन अर्ध वेगवेगळे घडवून मग जोडले जाई.

शेपटीच्या जोडाला झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधल्या हवेत शेपटी सरळ करायला उसंतच मिळत नाही. पांढऱ्या फेव्हिकॉलचे उलटे आहे. त्यातले पाणी निघून जावे लागते, म्हणून पावसात जोड दुसऱ्या दिवसापर्यंत टाचण्यांत तसाच ठेवावा. जिथून काडी आत वळायला लागते तिथे तिची बाहेरची बाजू ओल्या बोटाने आधी दमट करावी, म्हणजे ती बाजू फुगून वळणाला मदत करते. मात्र ती त्या आकारात पूर्ण वाळल्याशिवाय गोंद लावू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. पीळ भरलेले रबर नाक आणि शेपटी यांना सतत एकमेकांकडे ओढत असते. मुळात वाकलेले धड त्या ओढीने आणखी वाकते, त्याच्याबरोबर उभे शेपूटही तिरपे होते आणि विमान एकाच बाजूला वळत खाली येते. पंख कितीही सुबक केले तरी त्यावर इलाज होत नाही.

रबराची मागची खुंटी जिथे बसते तिथे आतून लावायचे प्लायवुडचे दोन छोटे तुकडे मात्र बाजू जोडण्याआधीच चिकटवून घ्यावेत. शेपटी बंद झाल्यावर तिथे बोट पोहोचत नाही, आणि नुसत्या बाल्साला पाडलेले खुंटीचे भोक रबराच्या ताणाने लवकरच फाटते.