तुम्ही तिथं थांबणार का?

१४ जानेवारी, रात्र

हिनं सकाळी डबीत तिळाच्या चार वड्या दिल्या होत्या. दोन मी खाल्ल्या, एक भाच्यानं, चौथी सीटखाली कुठंतरी गेली. मुंग्या लागल्या की सापडेल.

जखमी जनावरं-पाखरं उचलायच्या आमच्या गाडीत आज तीन घारी, दोन कबुतरं, एक वटवाघूळ. सगळी मांजाची. नायलॉनच्या मांजावर हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातली. दुकानात विचारलं तर "आम्ही नाही ठेवत" म्हणतात आणि समोरच्या गच्चीवर पोराच्या चक्रीवर तोच असतो. संक्रांत एक दिवसाची, पण झाडांवर लटकलेला मांजा पावसाळ्यापर्यंत पक्षी पकडत राहतो.

सहकारनगरच्या घारीबद्दल मात्र लिहून ठेवतो. दुपारी दीडला फोन आला, आवाज म्हातारा. "समोरच्या गुलमोहराला घार लटकलीय. उलटी." मी नेहमीचा प्रश्न विचारला, तुम्ही तिथं थांबणार का? तर म्हणाल्या, "अहो, मी माझ्या गॅलरीत आहे. मी कुठं जाणार?"

पोचायला पाऊण तास लागला. बघतो तर आजी गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर स्टीलचं ताट, हातात पळी. कावळा जवळ आला की ताट वाजवायच्या. एरवी घार कावळ्यांना पुरून उरते, पण लटकलेल्या घारीला ते सोडत नाहीत, आधी डोळ्यांवर जातात. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ झोपमोड झाली म्हणून दोनदा ओरडून गेले, हे आजींनीच मोठ्या खुशीत सांगितलं.

अग्निशमन दलाची शिडी आली. वर चढलेल्या जवानानं मांजा ओढला नाही, दोन्हीकडून कापला. जीव भांड्यात पडला. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. मांजा रुततो तो तिथंच. दोरा दिसला की माणसाचा हात आपोआप ओढायला जातो, आणि ओढला की तो करवतीसारखा आत शिरतो. पडदा फाटला तर हाड शाबूत असूनही पक्षी उडत नाही. म्हणून टोकं कापायची आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी ठेवायचा.

डोक्यावर टॉवेल टाकला की घार गप्प होते. लोक चोचीला घाबरतात, फाडतात त्या नख्या, त्यामुळं आधी पाय धरायचे. वाण्याकडून आणलेल्या खोक्याला भोकं पाडून तिला आत ठेवली. आजी वाटीत पाणी घेऊन खाली आल्या, "चोचीत थोडं घालू का?" नको म्हटलं. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, पाजायला गेलं तर पाणी फुप्फुसात जातं. पहिल्या वर्षी माझ्या हातून एक पोपट असाच गेला होता. ते आजींना सांगितलं नाही.

वनखात्याच्या १९२६ वर कळवलं आणि घार बावधनच्या उपचार केंद्रात पोचवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातलं पाखरू आपल्याला ठेवता येत नाही, आणि येत असतं तरी मी ठेवलं नसतं. निघताना आजींनी विचारलं, "बरी झाली की इथंच सोडतील ना? मला ओळख पटेल."

१५ जानेवारी, म्हणजे खरं तर १६, पहाटेचे तीन

झोप येत नाही म्हणून लिहितो.

रात्री पावणेदहाला फोन. नवले पुलाच्या अलीकडं, सर्व्हिस रोडवर, कुत्र्याला कुणीतरी उडवून गेलं. बोलणारा पोरगा. मागून ट्रकांचा इतका आवाज की त्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं. मी विचारलं, थांबणार का? तो एक-दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "थांबतो."

या गप्प राहण्याचा मला आता अंदाज आलाय. पटकन हो म्हणणारे बहुतेक आम्ही पोचेपर्यंत गेलेले असतात. जखमी जनावर एका जागी राहत नाही, सरपटत गटारात, झुडपात, उभ्या ट्रकखाली शिरतं. मग मी आणि भाचा टॉर्च घेऊन तासभर फिरतो आणि फोन लावला की समोरून "काका, मी तर घरी आलो" ऐकतो. जो मनातल्या मनात हिशोब करून हो म्हणतो, तो सापडतो.

हा सापडला. घरपोच जेवण पोचवणारा, वीस-बावीसचा असेल. गाडी आडवी लावून इंडिकेटर चालू ठेवलेले, म्हणजे मागून येणारी वाहनं वळसा घालतील. अंगात नुसता शर्ट, कारण जॅकेट कुत्रीवर घातलेलं. या थंडीत पन्नास मिनिटं. दोन ऑर्डरी गेल्या म्हणाला, तक्रारीच्या सुरात नाही, अशीच माहिती दिल्यासारखी.

तांबडी कुत्री. डाव्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली, कुठल्या तरी गल्लीची नक्की. मागचे पाय ओढत होती.

इथं माझी चूक झाली. आधी तोंड बांधायचं असतं. पट्टीचा फास नाकाडावर, मग जबड्याखालून नेऊन कानांमागं गाठ, अर्ध्या मिनिटाचं काम. पण ती डोळे मिटून शांत पडली होती, पोराला थंडी वाजत होती, मी म्हटलं पटकन उचलू. फळी खाली सरकवताना दुखलं आणि तिनं माझ्या मनगटावर दात लावला. मग पट्टी बांधली. चूक तिची नाही. कळवळलेलं कुत्रं धन्यालाही चावतं. पुढच्या पेट्रोल पंपावर साबण लावून घड्याळात बघून पंधरा मिनिटं नळाखाली हात धरला. भाचा बाहेर कुत्रीजवळ. आम्हा दोघांनी रेबीजच्या आगाऊ लशी घेतल्यात, तरी दोन सुया घ्याव्याच लागतात, उद्या एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी दुसरी. ज्यानं आधी काहीच घेतलेलं नाही त्याला जास्त, शिवाय जखमेत सीरम. हे सगळं ठाऊक असून मी घाई केली, ते हिला सांगायचं कसं याचा विचार करत गाडी चालवली.

वाटेत एका मोठ्या दवाखान्यात थांबलो. "आधी आठ हजार भरा." भटक्या कुत्रीचे कोण भरणार? तिथं वाद घातला नाही. आमच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमना झोपेतून उठवलं. त्या स्वेटर चढवून खाली आल्या, क्लिनिक उघडलं.

मॅडमनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं. पाय आखडला. मी म्हटलं, आहे की जीव पायात! मॅडम म्हणाल्या, "पायाकडं नका बघू. तोंडाकडं बघा." पुन्हा दाबलं, जोरात. पाय पुन्हा आखडला. पण ती पुढं भिंतीकडंच बघत राहिली. मान वळवली नाही, कान हलवला नाही, कुरकुरली नाही. पाय कण्यातल्या कण्यात परस्पर हलतो, दुखल्याची वर्दी मेंदूपर्यंत जातच नाही. एक्स-रेमध्ये मणका सरळ सरळ सरकलेला दिसला. लघवी अडकलेली, आतून रक्तस्राव.

मॅडमनी अर्धा तास घेतला. कायमचं झोपवायचा निर्णय त्या घाईनं कधीच करत नाहीत, आणि तो त्यांनीच करायचा असतो, माझं तिथं मत नाही. मी नुसतं डोकं धरलं. पट्टी आधीच सोडली होती.

जॅकेट गाडीतच राहिलं.

१६ जानेवारी

लस घेतली. हिला सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे संध्याकाळी बोलेल.

दिवसभर फोन. एका सोसायटीच्या सेक्रेटरींना चार कुत्री "उचलून लांब सोडून" हवी होती, पैसे देतो म्हणाले. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत आहे, नसबंदी करून जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. रिकाम्या झालेल्या गल्लीत दुसरी कुत्री येतात, आणि ती अनोळखी असतात. हे समजावायला पंचवीस मिनिटं गेली. "मग तुमचा उपयोग काय?" एक बाई गाडीच्या बॉनेटमध्ये मांजराचं पिल्लू अडकलंय म्हणून रडत होत्या. त्यांना सांगितलं, इंजिन चालू करू नका, बॉनेट उघडा, थोडा सुका मासा ठेवा आणि लांब जाऊन बसा. अर्ध्या तासानं त्यांचाच फोन, आलं बाहेर. गाडी न्यावी लागली नाही. असे दिवस मला फार आवडतात, सीएनजीच्या रांगेतून सुटका होते.

एप्रिल-मे यापेक्षा वाईट. बुलबुलाची, दयाळाची पिल्लं उडायला शिकताना खाली पडतात आणि लोक खोक्यात घालून घेऊन येतात. आईबाप समोरच्या तारेवर बसलेले असतात. ठेवा परत, एवढंच सांगायचं असतं.

पुलाजवळच्या पोराचे दोन मिस्ड कॉल आहेत. करतो.

१७ जानेवारी

केला नाही.

सकाळी एनडीएच्या बाजूला एका नव्या सोसायटीच्या आवारात भेकर शिरलं. वनखात्याची माणसं निघाली होती, त्यांनी आम्हाला सांगितलं, जनावराला हात लावू नका, माणसं आवरा. म्हणजे आज मी आणि भाचा दोरी धरून उभे. भेकर पार्किंगच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीला, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत, आणि दोरीच्या अलीकडं शंभरेक मोबाइल. एकानं लेकराला खांद्यावर घेतलं होतं, त्याला नीट दिसावं म्हणून शिट्टी मारत होता.

कोथरूडचा गवा आठवला. ९ डिसेंबर २०२०, महात्मा सोसायटी. माझी ही गाडी तेव्हा शाळेची व्हॅन होती. शाळा बंद, मी बसून, अधूनमधून सीट काढून कुत्र्यांसाठी भात पोचवायचो. गवा टीव्हीवरच बघितला. मागं पळणारा जमाव, तो गेटावर धडका देतोय, तोंडातून रक्त. शेवटी पकडला आणि त्यानंतर मेला. त्याच महिन्यात दुसरा गवा पाषाण-बावधनकडं आला, तेव्हा लोकांना लांब ठेवलं आणि तो धड परत गेला. मॅडमनी पुढं कधीतरी समजावलं. असं जनावर भीतीनं पळत सुटलं की स्नायू आतून फुटायला लागतात, ते रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतं, आणि अंगावर जखम नसताना ते मरतं, कधी दोन-चार दिवसांनीसुद्धा.

तेव्हा आजची दोरी. पावणेदोन तास. शिट्टीवाल्याला भाच्यानं जे सांगितलं ते इथं लिहीत नाही. दिवे घालवले, गाड्या बंद करायला लावल्या, मागचं कुंपण वनरक्षकांनी उघडून ठेवलं. बाराच्या सुमारास भेकराला ते सापडलं आणि ते गेलं. फोटोत कुणाच्याच धड आलं नाही.

१८ जानेवारी

पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, झालेलं कुत्र्याचं पिल्लू. गाडी ब्लीचनं धुतली, फिनेलला तो विषाणू दाद देत नाही. हातांची सालं निघतात. खिडकीच्या काचेवर शाळेच्या दिवसांतली चिकटवलेली फुलपाखरं होती, त्यातलं एक आज निघून आलं.

जॅकेट हिनं धुतलं. मी बादलीत गरम पाणी काढलं होतं, तिनं ओतून दिलं. "रक्ताला गार पाणी लागतं. गरमानं डाग बसतो." मीठ लावून, रात्रभर गार पाण्यात भिजवून, सकाळी हातानं चोळून काढलं. बाहीवर एक पिवळट वर्तुळ राहिलं. तारेवर वाळत घातलेलं दिसलं की मला फोन आठवतो.

१९ जानेवारी

संध्याकाळी फोन केला. उशीर झाला म्हणून माफी मागितली आणि सांगितलं. पलीकडं ट्रकांचे आवाज नव्हते, कुठंतरी जिन्यात असावा. म्हणाला, "मला वाटलंच होतं. तुम्ही उचलत नव्हता ना." मग, "त्याच रात्री?" हो म्हटलं. "म्हणजे दुखलं नाही फार." मी म्हटलं, मागं काही कळत नव्हतं तिला, आणि नंतर झोपलीच. "ती होती?" हो, ती. त्याला ते माहीत नव्हतं.

आठच्या सुमारास जॅकेट न्यायला आला, धनकवडीतच ऑर्डर होती म्हणे. हिनं चहा टाकला. तो चपला काढून दाराशीच उभा राहिला. मी जॅकेट दिलं तर त्यानं आधी वास घेतला आणि हसला. "साबण कुठला वापरता काकू? आमच्या रूमवर असं धुतच नाही कुणी." हिनं त्याच्या हातावर तिळाच्या दोन वड्या ठेवल्या, उरलेल्या. घालून बघितलं तर चेन मधेच अडकली. ही म्हणाली थांब, मेणबत्ती घासून देते, आणि आत गेली. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्यानं माझ्याकडं बघितलं, स्वयंपाकघराकडं बघितलं, आणि मोबाइल तसाच खिशात टाकला.