कोणाला काही बोलायचंय?

नागपुरात माणूस गेला की घाटावर त्याच्याबद्दल कोणीतरी बोलतं. अग्नी दिला जातो, लोक मागे सरकून शेडखाली येतात आणि एक जण पुढे होऊन घसा साफ करतो. मोक्षधाम असो, अंबाझरी असो की मानेवाडा, क्रम बहुधा हाच. बोलणाराही ठरलेला असतो. प्रत्येक वस्तीत असे एक गृहस्थ असतातच, निवृत्त मुख्याध्यापक नाही तर पतसंस्थेचे माजी संचालक. ‘अत्यंत मनमिळाऊ, सदा हसतमुख’, ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’, आणि मग दोन मिनिटं मौन, जे पाऊण मिनिटात आटोपतं. गेलेला माणूस जन्मभर कपाळाला आठ्या घालून हिंडला असला तरी घाटावर तो हसतमुखच असतो.

मागे आमच्या ले-आऊटमधले एक काका गेले. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं तुटक, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ठरलेलं भाषण झालं. मौनासाठी लोक चपला सावरून उभे राहत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरचा, कपड्यांना इस्त्री करणारा प्रेसवाला पुढे आला. हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले.

‘मी काही बोलनारा मानूस नाही जी. काकाजीच्या शर्टाच्या खिशात दर खेपेले दहाची नोट राहे. मी वापस द्यायले गेलो का म्हनत, ठेव, पोराले बिस्किट घे. मले वाटे, मानूस विसरभोळा हाय. मंग एक दिवस समजलं, ते विसरत नव्हते.’

एवढं बोलून तो मागे गेला. काकांचा मुलगा पुण्याहून आला होता, त्याने चटकन मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. घरात कोणालाच नव्हती.

चारचौघांत उभं राहून बोलण्याचं मोल काय, असं कोणी विचारलं तर मी त्या प्रेसवाल्याकडे बोट दाखवीन. एका माणसापाशी असलेली गोष्ट त्याच्या चार वाक्यांनी तिथे जमलेल्या सगळ्यांची झाली. वक्तृत्व म्हणाल तर त्यात काहीच नव्हतं. पण गोष्ट सगळ्यांदेखत बोलली गेली की ती परत खिशात घालता येत नाही, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही नंतर ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. मला वाटतं, आपण बोलायला घाबरतो ते याच कारणाने. आवाज फुटेल, शब्द अडेल हे वरवरचं. खरी भीती ही की एकदा बोललो की बोललो.

आमच्या अपार्टमेंटच्या वार्षिक सभेत हे फार छान पाहायला मिळतं. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती नेमकी गणपती, पाऊस आणि डेंग्यू यांच्या गर्दीत येते. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एका टेबलावर हिशेबाची फाईल, समोसे आधीच आलेले आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष तिकडे. अध्यक्ष विचारतात, ‘कोणाला काही बोलायचंय?’ शांतता. वर्षभर लिफ्टमध्ये, जिन्यात आणि व्हॉट्सॲपवर ज्यांनी कमिटीची सालं काढली ते सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. सभा संपते, समोसा हातात येतो आणि मग त्याच पार्किंगमध्ये एकेकाची अशी काही वाणी सुटते की विचारू नका. ‘मी बोलनार होतो, पन म्हटलं जाऊ दे.’

या ‘जाऊ दे’ने आमची पाण्याची टाकी अनेक महिने धुतली गेली नव्हती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई उभ्या राहिल्या. शाळेत लायब्ररियन होत्या, आवाज एवढा बारीक की मागच्या रांगेतल्यांनी ‘जोरात, जोरात’ म्हटलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. टाकी शेवटची कोणत्या तारखेला धुतली? सेक्रेटरी साहेबांनी पाणीटंचाई, टँकर, माणसं मिळत नाहीत, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘हो, पण तारीख?’ मग म्हणाल्या, ‘हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.’ चारच दिवसांत टाकी धुतली गेली. त्याआधी त्या टाकीवर व्हॉट्सॲपला झालेली चर्चा छापली असती तर एक दिवाळी अंक निघाला असता.

बोलायचं ते एवढंसं, आणि आपण त्याचा बाऊ केलाय तो शाळेपासून. ‘सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजन वर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी आज जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती.’ हे वाक्य न म्हणता मराठी शाळेतून बाहेर पडलेला माणूस विरळा. भाषण बाबा लिहून देतात, हातवारे बाई बसवून घेतात, ‘गुलामगिरीच्या शृंखला’ म्हणताना मुठी कधी आवळायच्या तेही ठरलेलं. पोरगं टिळकांवर बोलतं की वृक्षारोपणावर, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. तेच पोरगं वर्गात उभं राहून ‘सर, मला हे समजलं नाही’ म्हणत नाही. वक्तृत्व स्पर्धांना माझा विरोध नाही, कित्येकांची भीड तिथेच चेपते. पण ढाल घरी आणणारं पोर आणि समजलं नाही म्हणून हात वर करणारं पोर, यांत कोणाचं कौतुक करायचं हे मला विचाराल तर मी दुसऱ्याच्या बाजूने.

शिवाय नागपूरकरांची एक वेगळी अडचण आहे. आमचे कान लाडावलेले आहेत. प्राचार्य राम शेवाळकरांना ज्यांनी ऐकलं, ज्ञानेश्वरांपासून रामायणापर्यंत कागदाचा चिटोराही हातात न घेता वाहणारी ती वाणी ज्यांनी ऐकली, त्यांना स्वतः माईकसमोर उभं राहायची लाजच वाटते. 1994 च्या पणजीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस आपल्या गावात बोलून गेल्यावर आपण टाकीवर काय बोलणार! पण तो एक प्रांत झाला. गाणं मैफिलीतलं असतं तशी ओवीही असते, आणि जात्यावर बसलेल्या बाईला कोणी ताना मागत नाही.

विदर्भातच दुसरा नमुनाही होऊन गेला. गाडगेबाबा. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन. त्यांच्या कीर्तनात अर्धं बोलणं लोकांचं असे. बाबा प्रश्न टाकत, लोक उत्तर देत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण करणं, देवापुढे बकरं कापणं, दारू, शिवाशीव, हे चुकीचं आहे असं बाबांनी सांगायच्या आधी समोरचा माणूस स्वतःच्या तोंडाने सगळ्या गावादेखत ‘नाही’ म्हणून मोकळा झालेला असे. दुसऱ्या दिवशी त्याला मागे फिरायला जागा नसे. माझ्या मते बोलण्याची एवढी कारागिरी शंभर व्याख्यानांत सापडायची नाही.

माईकबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्याची आपल्याला उगाच दहशत आहे. माईक कर्ण्यासमोर आला की कर्ण्याचा आवाज परत त्यात शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, आणि शिट्टी वाजते. वक्ता घाबरून माईकचं तोंड मुठीत धरतो, त्याने शिट्टी आणखी वाढते, आणि सगळे मिळून मंडपवाल्याला शिव्या देतात. मोठ्या मैदानाची गंमत निराळी. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. कस्तुरचंद पार्कात मंचापासून पावणेदोनशे मीटरवर उभा असलेल्याला मंचावरचा शब्द अर्धा सेकंद उशिरा पोचतो, आणि जवळच्या खांबावरचा कर्णा तोच शब्द आधीच बोलून बसलेला असतो. शब्दावर शब्द चढतात. आता यंत्रांतच हा फरक जुळवून घेतात. जुने पुढारी चार शब्द बोलून थांबत, मग पुढचे चार. आम्हाला वाटे, काय रुबाब! त्या रुबाबात निम्मा वाटा कर्ण्यांचा होता.

बाकी ऐकणारे नेहमीच भले असतात असं नाही. 1920 च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, काँग्रेसनगर हे नाव त्याचंच. असहकाराच्या ठरावाच्या बाजूने सगळा मंडप, आणि विरोधात बोलायला उभे राहिले बॅरिस्टर जिना. त्यांनी ‘मिस्टर गांधी’ म्हणताच लोक ओरडले, ‘महात्मा म्हणा.’ ते आपल्या मुद्द्यावरून हलले नाहीत. हुर्यो झाली, ठराव मंजूर झाला आणि जिना काँग्रेसमधून बाहेर पडले. पुढे त्यांनी जे राजकारण केलं त्याची वकिली मला करायची नाही. पण हजारो माणसं एका बाजूला असताना एकट्याने उठून ‘मला हे पटत नाही’ म्हणणं, आणि तेही समोरचे ऐकायला तयार नसताना, हे नागपूरच्या मातीत घडलं आहे. आमच्या पार्किंगमध्ये अजून घडायचं आहे.

आणि याच गावात ऑक्टोबर 1956. चौदा तारखेला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. काम झालं होतं. प्रकृती साथ देत नव्हती, पुढच्या 6 डिसेंबरला तर ते गेलेच. तरी पंधरा तारखेला ते पुन्हा लोकांसमोर उभे राहिले आणि मराठीत सविस्तर बोलले. धर्म का बदलला, बुद्धच का, आणि नागपूरच का. संघ इथे आहे म्हणून त्यांना डिवचायला हे गाव निवडलं, अशी कुजबुज होती. ती त्यांनी स्वतः बोलून दाखवली आणि तसं नाही म्हणून सांगितलं. नाग लोकांची ही भूमी, इथे नाग नदी वाहते, बुद्धाचा धम्म पसरवण्यात या नागांचा वाटा मोठा, म्हणून नागपूर. मला त्या दुसऱ्या दिवसाचं फार अप्रूप आहे. एवढ्या लोकांनी ज्यांच्या शब्दावर जन्माचा धर्म सोडला त्यांना कारण सांगायची सक्ती कोणाची होती? पण कारण सांगणं बाकी आहे, असं त्या माणसाला वाटलं.

आता सांगतो ते दर हिवाळ्यातलं. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, आणि अधिवेशन आलं की मोर्चे आले. टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर बॅरिकेड लागतात. गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंतची माणसं चादरी अंथरून बसतात, भाकरीची फडकी सोडतात, घोषणा देतात. आम्ही नागपूरकर ट्रॅफिक वळवलं म्हणून चरफडतो आणि पोहे खायला दुसऱ्या ठेल्यावर जातो. मोर्चा कितीही मोठा असो, आत मंत्र्यांकडे जातं ते मूठभर माणसांचं शिष्टमंडळ. बाहेरच्या हजारोंच्या वतीने त्या चार-पाच तोंडांनी बोलायचं असतं, तेही मिळतील तेवढ्या मिनिटांत.

एका वर्षी अंगणवाडी सेविकांचा मोर्चा होता. मी अडकलो होतो म्हणून उभा होतो. आत जाणाऱ्यांत भिवापूरकडची एक बाई होती, पन्नाशीची, निवेदन पन्नीत गुंडाळून छातीशी धरलेलं. दुसरी तिला शिकवत होती.

‘पयले मानधन बोल. मंग पेन्शन. मोबाईलचं शेवटी.’

‘हो व.’

‘आन् रडू नको. रडली का ते पानी देते, आन् मंग येळ संपते.’

हा सल्ला भाषणाच्या कुठल्याही वर्गात मिळायचा नाही. पोलिसांची गाडी त्यांना घेऊन गेली. दोन तास गेले असतील. मी मधल्या वेळात चहा पिऊन परत तिथेच आलो, आता मलाही उत्सुकता. गाडी आली, बाई उतरली आणि लाऊडस्पीकर बांधलेल्या टेम्पोवर तिला दोघींनी हात देऊन चढवलं. माईकने आधी शिट्टी मारली. तिने तो तोंडापासून जरा दूर धरला आणि काही प्रास्ताविक न करता सुरू झाली.

‘साहेब होते. बसा म्हनले. मानधनाचं बोलली मी, पेन्शनचं बोलली. मोबाईलचं बोलाले येळ नाही भेटला. सकारात्मक हाय म्हनले.’

‘तारीख देल्ली का?’ खालून कोणीतरी ओरडलं.

‘इचारली मी. दोनदा इचारली. नाही देल्ली.’

टेम्पोभोवती गलका झाला. एकीने घडी केलेली चादर पुन्हा झटकली, रस्त्यावर अंथरली, आणि पोलीस पुढे यायच्या आत बाया एकेक करून तिच्यावर बसल्या.