फौजी माउलींची डबी

अप्पा जाऊन सात महिने झाले होते. ज्येष्ठ लागला तशी आई म्हणाली, “त्यांची पिशवी यंदा खुंटीला नको राहू देऊस.” तेवढंच. मी रजा टाकली. पिशवीत टाळ होते, लोटा होता आणि ॲल्युमिनियमची एक चेपलेली डबी. डबीत सुई, दोऱ्याचं रीळ, खोबरेलाची बाटली.

अप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ची लढाई त्यांनी पाहिली होती, पण घरात तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. बोलायचे ते पायांबद्दल. “पाय गेला की जवान गेला.” शाळेतून आलो की बोटांच्या बेचक्या दाखवायच्या, अप्पा हात पाठीमागे बांधून, उभ्यानंच बघणार. इतरांचे वडील खाऊ आणायचे, आमचे नखं तपासायचे. मला चीड यायची.

आळंदी ते पुणे काही वाटलं नाही. एकादशीला पुण्याहून सासवडला निघालो, तेव्हा वारी म्हणजे काय ते कळलं. पोटात उपास, वर दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या. मला कोण लावणार? सोबतच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन अभंग म्हणत चढत होत्या. मी मात्र वळणं मोजत होते.

सासवडच्या तळावर समाजआरतीला उभी राहिले. अप्पा या आरतीबद्दल भरभरून सांगायचे, आणि मी ऐकल्यासारखं करायचे. पालखी तळावर येते तेव्हा हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि सगळं एकदम शांत होतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती होते. “पलटणीत दरबार भरतो ना, तसाच,” अप्पा म्हणायचे. हा सोहळा बांधून दिला तो हैबतबाबा आरफळकरांनी, शिंद्यांच्या पदरी असलेल्या सरदारानं. “बघ, शिस्त लावली ती फौजीनंच! आणि तोही आपल्या साताऱ्याकडचा.” हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

त्या रात्री राहुटीत मी माझाच फोड बघत बसले होते. शेजारच्या आजींनी डबी ओळखली.

“फौजी माउलींची लेक का गं तू?”

मी मान हलवली. त्यांनी सरळ आपला पाय माझ्या मांडीवर ठेवला. “ते असाच घ्यायचे. रोज रात्री दहा-बारा जणांचे. कंदील असा इथं, आणि तोंडानं हरिपाठ.”

मी पायाकडे बघत राहिले. अप्पा मांडी घालून बसलेत, कुणाचा तरी चिखलाचा पाय मांडीवर घेऊन फडक्यानं पुसतायत, हे मला डोळ्यांसमोर आणताच येईना. आमच्याकडे ते कधी वाकलेसुद्धा नव्हते.

सुई ज्योतीवर धरली, फोडाच्या कडेला टोचली, पाणी काढलं. अप्पा दोरा आत ओवून ठेवायचे म्हणे. त्यानं जंतू शिरतात हे मी डॉक्टरांकडून ऐकलं होतं, म्हणून दोरा घातला नाही. आजींना ते मुळीच पटलं नाही. “फौजी ठेवायचे दोरा,” त्या दोनदा म्हणाल्या. मीही हट्टाला पेटले. शेवटी स्वच्छ कापड गुंडाळून दिलं.

दोन दिवसांनी जेजुरीच्या मुक्कामी त्या पुन्हा आल्या, बरोबर आणखी तिघींना घेऊन. फोड बसला होता.

“बरा झाला,” आजी म्हणाल्या, “पण फौजींचा हात तुझ्यापरीस हलका होता हो.”

मी कंदील जवळ ओढला.