आमवात आणि घरातला व्यायाम: माझा अनुभव

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ज्याला आमच्याकडे सरसकट ‘वात’ म्हणतात, रात्रभर पडून राहिलेले सांधे सकाळी सगळ्यात जास्त आखडलेले असतात. म्हणून मी पहाटेचा व्यायाम बादच केलाय. आधी घमेल्यात सोसेल इतकं कोमट पाणी आणि त्यात दहा मिनिटं हात. पाण्यातच मूठ हळू मिटायची, बोटं पूर्ण उघडायची, दहा वेळा. रबरी चेंडू दाबायचा सल्ला जो तो देतो. पण करकचून पकडताना सुजलेली बोटं करंगळीकडे ओढली जातात. मी तो कपाटात टाकलाय.

मग गुडघे. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि ती खाली दाबते. मांडी दगडासारखी लागली पाहिजे. पाच मोजून सोडायचं, प्रत्येक पायाला दहा वेळा. आकडे मोठ्याने मोजले की श्वास कोंडला जात नाही.

खुर्चीवरची उठबस पाच वेळा. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती भिंतीला टेकवून ठेवायची. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येत असतील तर खुर्ची बुटकी आहे, वर सतरंजीची घडी टाकायची. हाताचा आधार लागलाच तर कोपरापासूनचा हात टेकवते, बोटांची पेरं नाही.

पावसाळ्यात सांगलीत कृष्णाकाठचं फिरणं बंद पडतं. तेव्हा सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. पाच दिवसांत 150 मिनिटं होतात. अनवाणी मात्र नाही, चवडे लगेच बोलतात. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल.

मात्रा ठरते ती नंतरच्या दुखण्यावरून. वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं तर ठीक. जास्त रेंगाळलं तर उद्या आकडा निम्मा, पण शून्य नाही. खरी चूक बऱ्या दिवशी होते: साठलेलं सगळं धुणं एका दमात, आणि मग चार दिवस पलंग.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी मी शेकत नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, आणि दोनदा हालचाल, तीही दुखू लागेल तिथवरच. बाकीच्या सांध्यांना सुट्टी नाही.

हळदीचं गाव आहे, लेप सुचवणारे घरोघर भेटतात. लावा बापडे! पण त्यापायी मेथोट्रेक्झेट, म्हणजे आमवात आटोक्यात ठेवणारी गोळी, चुकवू नका. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकूनही रोज नाही.

आजार जुना असेल तर मान गरागरा फिरवणं, शीर्षासन, सर्वांगासन बंद. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल झालेले असू शकतात. हाताला मुंग्या आल्या किंवा चालताना तोल गेला तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांकडे.