नव्वद टोकं

"कोणासाठी गं?"

लोकलमध्ये बसायला मिळालं, पिशवीतून लोकर आणि क्रोशाची सुई बाहेर काढली की अंधेरी यायच्या आत हा प्रश्न येतो. 'काय विणतेस' हा त्याच्या नंतरचा. बाई विणतेय म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी असणारच. येऊ घातलेलं बाळ, नाहीतर नणंदेची मुलगी, नाहीतर गणपतीत दाराला लागणारं तोरण. मी "माझ्यासाठीच" म्हटलं की विचारणारीचा उत्साह जरा मावळतो. एकीने तर मला धीर दिला, "असू दे, पुढच्या वेळी करशील कुणासाठी."

त्यात वस्तू काय, तर लोकरीचा स्कार्फ. मुंबईत! निफाडची मामेबहीण फोनवर पोट धरून हसली. तिच्याकडे थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तिला हसायचा अधिकार आहे. आमच्या सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, आणि तोही १९६२ च्या जानेवारीतला. बाकी पारा अठरावर आला की इमारतीचा वॉचमन कानाला मफलर गुंडाळतो आणि पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत माकडटोपी घालून चहा पितात, एवढाच काय तो आमचा हिवाळा. (पुण्यात 'स्कार्फ' म्हटलं तर मामला वेगळा. तिथे तो स्कूटीवर बसण्याआधी डोळे सोडून सगळ्याला बांधायचा असतो. थंडीशी त्याचा काही संबंध नाही.)

पण माझी थंडी ऋतूची नाही, डक्टची आहे. २०१७ च्या २५ डिसेंबरला पहिली एसी लोकल बोरिवलीहून चर्चगेटला निघाली, तेव्हा मी 'आपल्याला कुठे परवडतंय' म्हणून नाक मुरडलं होतं. आता पास तिचाच आहे. घामेजून डब्यात शिरायचं आणि दहा मिनिटांत मानेवर शिरशिरी. पुढे ऑफिसात नेमकी माझ्या खुर्चीच्या वर जाळी, आणि रिमोट ज्यांच्याकडे असतो त्या साहेबांना मे महिन्यातही कोट घालायचा असतो. इतकी वर्षं ओढणी गुंडाळून निभावलं. दिवाळीनंतर दादरला जाऊन लोकर घेऊन आले.

लोकर म्हणायची आपली पद्धत. गुंड्यावरच्या कागदावर स्वच्छ 'ॲक्रिलिक' लिहिलेलं असतं, मेंढीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. मुंबईच्या घामाला ते बरंच. धुता येतं आणि टोचत नाही. रंग निवडायला मात्र पाऊण तास गेला. दुसऱ्यासाठी घेताना सोपं असतं, मुलगा की मुलगी एवढं विचारलं की अर्धं दुकान बाद होतं. स्वतःला काय आवडतं हे काउंटरवर उभं राहून आठवेना. शेवटी हळदी आणि कोळशाचा करडा घेतला, आडवे पट्टे करायचे ठरवले. माझ्या मते फार भारदस्त जोडी. घरी दोन पट्टे विणून झाल्यावर नवऱ्याने चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "टॅक्सी?"

काळी-पिवळी! ते मला दिसलं नव्हतं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. "पद्मिनी तर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली," तो म्हणाला, "तुझ्या गळ्यात तरी राहू दे."

गाडीत विणायला क्रोशासारखं दुसरं काही नाही. दोन सुयांच्या विणकामात तीस-चाळीस टाके एकदम सुईवर बसलेले असतात. धक्का लागून एक गळला की खालपर्यंत शिडी, शिवाय दोन्ही कोपरं दोन्हीकडच्या शेजारणींना लागणार. इथे एक सुई आणि तिच्यावर जिवंत असा एकच फास. दादरची गर्दी आत घुसली की फास जरा लांब ओढायचा, सुई काढून पर्समध्ये टाकायची, झालं. क्रोशे म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा आकडा, हुक या अर्थाचा. पण मराठीत आकडा शब्द जास्त चपखल बसतो, कारण या कामात सुईइतकाच मोजण्याचा आकडा महत्त्वाचा. तीन साखळ्या, मग खांब (म्हणजे उभे टाके), खांब, खांब, एका ओळीत छत्तीस. मी पुटपुटत मोजत असते. एकदा समोरच्या आजींनी हळूच विचारलं, कुठला जप आहे? मुंबईत ओठ हलवत आकडे म्हणणाऱ्याबद्दल मटक्याची शंका आली नाही, हे माझं नशीब.

आणि तो आकडाच चुकला. ओळ उलटवताना घातलेल्या तीन साखळ्या हा त्या ओळीचा पहिला खांब धरायचा असतो. म्हणून परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या माथ्यात घालावा लागतो. लहानपणी आईकडून हे शंभरदा ऐकलेलं, पण गाडीत वांद्र्याच्या पुलाचा खडखडाट आणि शेजारच्या दोघींचं सासूपुराण चालू असताना कडेचं ते घर मी अधूनमधून सोडत गेले. नऊ दिवसांनी पलीकडच्या सीटवरच्या मुलीने कानातलं हेडफोन काढून विचारलं, "ताई, पतंग करताय का?" पसरून पाहिलं. छत्तीसचे एकतीस झाले होते. स्कार्फ छान निमुळता होत चालला होता.

उसवणं हे काम मला विणण्यापेक्षा जास्त आवडतं, हे इथे कबूल करते. टोक ओढायचं आणि ओळीमागून ओळ सर्रर्र सुटत जाते, कुठे अडत नाही, वाद घालत नाही. नऊ दिवसांचं काम वांद्रे ते दादरमध्ये संपलं. मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग, शिजवलेल्या मॅगीसारखा. डब्यातल्या चार-पाच जणी हळहळल्या, त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी कडेच्या घरात खूणपिन अडकवली, आकडा जुळला. पण शहाणपणा दुसरीकडे नडला. दोन-दोन ओळींचे पट्टे केले असते तर प्रत्येक रंग ज्या कडेला सुरू झाला तिथेच परत आला असता, न तोडता तसाच वर नेता आला असता. मला मात्र तीन ओळींचा पट्टा जास्त ऐटदार वाटला. तीन ओळी म्हणजे रंग पलीकडच्या कडेला जाऊन पडणार, आणि नवा सुरू करायचा तर तोडण्यावाचून गत नाही. पंचेचाळीस पट्टे झाले. प्रत्येक पट्ट्याची दोन टोकं, एकूण नव्वद, सगळी दोन्ही कडांना झुरळाच्या मिशांसारखी लोंबणारी, शेवटी एकेक सुईने आत ओवून लपवायची. त्यात हळदी रंग तिसाव्या पट्ट्यापाशी संपला. नवा गुंडा आणला तो दुसऱ्या लॉटचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तोच वाटलेला, उन्हात बघते तर हळदीत कुणीतरी बेसन कालवलेलं. लेबलवर लॉटचा नंबर छापलेला असतो, तो बघायचा असतो, हेही आई सांगायची.

चर्चगेटला उतरून फॅशन स्ट्रीटवरून जाताना आता हँगरवरचे क्रोशाचे टॉप मी थांबून उलटून बघते. खरं क्रोशे अजून मशीनवर होत नाही. दिसायला तसं कापड निघतं, पण एकेक खांब घालायला हातच लागतो. म्हणजे भाव करून करून पाडलेल्या त्या टॉपमध्येही कुणीतरी कडेचं घर न सोडता मोजत बसलेलं असतं. त्या कुणाला 'कोणासाठी गं' असं विचारलं तर काय सांगेल, कोण जाणे. मी भाव करायचं मात्र सोडलंय.

आईने आयुष्यभर पांढऱ्या दोऱ्याचं काम केलं. रेडिओवरचा रुमाल, पुढे टीव्हीवरचा, पाण्याच्या तांब्यावरचं मणी लावलेलं जाळीचं झाकण, दोन नणंदांची रुखवतं. मोतीबिंदूनंतर तिने सुई ठेवून दिली, बारीक दोऱ्यातली घरं दिसत नाहीत म्हणाली. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिला स्कार्फ दाखवला आणि सहज विचारलं, तू स्वतःसाठी कधी काही केलंस का गं? ती बराच वेळ आठवत राहिली.

"केली होती की. परकराला लेस."

"परकराला? दिसणार कुणाला ती?"

"मला दिसायची," ती म्हणाली, आणि लगेच, "उलटी बाजू दाखव."

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. विणकाम असो की भरतकाम, आमच्याकडे निकाल मागच्या बाजूवर लागतो. स्कार्फ उलटा केला. पलीकडे शांतता. मग चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, नुसतं कपाळ आणि एक डोळा.

"टोकं घालायची राहिलीत."

"अठ्ठावीस झाली. बाकीची करते हळूहळू."

"तू करणार नाहीस," आई म्हणाली. "लोकर जाड आहे, दिसेल मला. रविवारी घेऊन ये. आणि मोठ्या नेढ्याची सुई आण, माझ्याकडची गंजलीये."

म्हणून सध्या तो तसाच वापरतेय, बेसनाचं टोक आत दुमडून आणि मिशा कॉलरमध्ये खोचून. काल गाडीत शेजारच्या बाईंनी त्यातली एक बोटात धरून ओढून पाहिली. "अहो, हे सुटतंय वाटतं," म्हणाल्या. मी म्हटलं, ओढू नका, डोंबिवलीला न्यायचंय.