अकरावीचे पहिले पंधरा दिवस

सांगलीत अकरावीला येणाऱ्यांची पहिली धावपळ कागदांची. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून आधीच चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. दाखला, मार्कलिस्ट, आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. स्पेलिंगमध्ये एका ‘ए’चा फरक पडला तरी पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो.

तासगाव, कवठेमहांकाळहून येणाऱ्यांनी एसटीच्या पाससाठी बोनाफाईड, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, लगेच मागावा. एसटीच्या पासात मुलांना 66.67 टक्के सवलत, मुलींना बारावीपर्यंत पास मोफत. तरी निम्मे जण जुलैभर तिकीट काढत बसतात!

सायन्सवाल्यांनी मैत्रिणीनं सोडलं म्हणून गणित सोडू नये. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या सीईटीत, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, गणित असतंच. बीजगणित कच्चं असेल तर भौतिकशास्त्रही जड जातं. वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमिती दहावीच्या पुस्तकातूनच पुन्हा सोडवा.