पणजीचा अ‍ॅरन स्वेटर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेतल्या कुठल्याही स्वेटरच्या दुकानात शिरा, पाच मिनिटांत ती गोष्ट तुमच्या कानावर पडणारच. जवळच्या अ‍ॅरन बेटांवर म्हणे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी. कोळी समुद्रात बुडाला आणि चेहरा ओळखू येईना, तर स्वेटरवरून घराणं कळायचं. तुम्ही आडनाव सांगायचं, की 'तुमच्या' विणीचा स्वेटर फडताळातून निघतो. अमेरिकेहून पूर्वजांचं गाव बघायला आलेली मंडळी डोळे पुसत पैसे मोजतात.

गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या आयरिश नाटककार जॉन सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते, पण ती मोज्यावरून. मोजा तिनेच विणलेला, त्यात गळलेले चार टाके तिच्या लक्षात असतात. बस्स, एवढंच. पुढे विकणाऱ्यांनी मोज्याचा स्वेटर आणि बहिणीच्या हाताचं घराणं करून टाकलं.

खरा इतिहास मला जास्त आवडतो. पश्चिम आयर्लंडमधल्या गरिबीवर उपाय म्हणून १८९१ मध्ये सरकारने काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड नेमलं. मासेमारी वाढली, बाहेरचे कोळी आले आणि त्यांच्या अंगातले स्वेटर बेटावरच्या बायकांनी पाहिले. मग त्यांनी स्वतःची डोकी चालवून, एकमेकींचं बघून, ही वेण्या-चौकटींची जाड वीण रचली. विसाव्या शतकात स्वेटर विकून घरखर्चाला हातभारही लावला. प्राचीन वगैरे काही नाही, हुशार बायकांचं काम आहे.

तर आमच्या घरचा स्वेटर. नवऱ्याची पणजी अ‍ॅरनपैकी इनिश मोर बेटावरची, तिने आपल्या मुलासाठी विणलेला. कोपरं गेलेली, पाठीवर कसरीची भोकं. सासूबाईंना तसाच नवा हवा होता, पण संधिवातामुळे त्यांना सुया धरवत नाहीत. नाशिकला आईकडून शिकलेलं माझं विणकाम म्हणजे टोपडं, पायमोजे, फार तर बिनबाह्यांचा स्वेटर. तरी काम माझ्याकडे आलं, कारण घरात सुया धरणारी मी एकटीच.

लिहून ठेवलेलं काही नव्हतं. जुना उसवून बघावा म्हटलं तर लोकर धुऊन धुऊन इतकी मिळून आलेली, की धागा सुटेना. मग स्वेटरच वाचायला बसले. जेवणाच्या टेबलावर तो उलटा पसरला, भिंग घेतलं आणि आलेखाच्या वहीत एक चौकट म्हणजे एक टाका, असं उतरवत गेले. मागच्या बाजूने ओळी मोजणं सोपं जातं. वेणी सहा टाक्यांची, दर आठव्या ओळीला पीळ. मधल्या पट्ट्यात मधाचं पोळं: आठ टाक्यांचा नमुना, दोन टाके मागे टाकून दोन विणायचे, मग पुढचे दोन टाके पुढे धरून दोन, आणि चार ओळींनी नेमकं उलट. त्याच्या दोन्ही बाजूंना शंकरपाळ्या, आत एक सुलट एक उलटची बारीक दाणेदार भरणी. पीळ पडला की कापड आत ओढलं जातं, त्यामुळे साध्या विणीपेक्षा टाके बरेच जास्त घालावे लागतात.

आजकालच्या नमुन्यांत डावी वेणी डावीकडे आणि उजवी उजवीकडे पिळतात, आरशातल्यासारखी. पणजीच्या सगळ्या वेण्या एकाच दिशेला. हाताला जी सवय, ती. मीही तशाच घेतल्या.

बाह्या खांद्यापासून मनगटाकडे विणलेल्या होत्या. काठ झिजला की तेवढाच उसवून पुन्हा विणता येतो. या स्वेटरचे काठ तसे बदललेले दिसत होते: लोकर किंचित पिवळट, टाके घट्ट आवळलेले. मी म्हटलं, हा हात वेगळा आहे. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. शाळेत असताना आजीने त्यांच्याकडून ते विणून घेतले होते, सैल झाले म्हणून दोनदा उसवायला लावून. त्या विसरूनही गेल्या होत्या!

लोकरीने मात्र पिच्छा पुरवला. दुकानातली ऑस्ट्रेलियाची मेरिनो लोकर मऊसूत, पण तिच्यात वेणी उठूनच दिसत नाही, बसकी पडते. इथल्या मेंढ्यांची लोकर राठ, म्हणून तिला भाव नाही. शेतकऱ्याला किलोमागे जे सेंट मिळतात त्यात कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही. दारात मेंढ्या आणि अंगात ऑस्ट्रेलियाची लोकर! शेवटी डोनेगलकडची न रंगवलेली, मेंढीचा वास असलेली लोकर मिळाली. टोचते, पण वेणी ताठ उभी राहते.

खांद्याच्या पट्टीपाशी सर्वात जास्त वेळ गेला. बाहीवरची वेणी न तुटता गळ्यापर्यंत चढते आणि पुढचा-मागचा भाग तिलाच जोडत जायचा असतो. जुन्यात पणजीने तो सांधा इतका बेमालूम केलाय, की भिंगातूनही दिसेना. माझा दिसतो.

नवरा आता तो घालून कुत्र्याला फिरवायला जातो. पाऊस पडला की दोघांचा वास सारखाच. बॉस्टनच्या नणंदेने फोटो पाहिला आणि 'मलाही एक' म्हणून निरोप धाडला. तिला आलेखाच्या वहीचे फोटो पाठवलेत.